कुबडी, कॅलिपर आणि सांबऱ्याचं घर

आमच्या सांबऱ्यातलं जुनं घर रस्त्यापासून दीड हात तरी उंच असतं. बेळगावचा पाऊस मोठा, रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उचलून बांधायचं, ही इथली रीत. दारात दगडी पायऱ्या, मग कट्टा, उंबरा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर. मागं न्हाणी, परसू आणि गोठा. वर खानापूरकडची कौलं. या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना कुठं उंबरा असतो, कुठं पायरी. धडधाकट माणूस ती ओलांडतो आणि विसरतो. मला १९६३ साली, दोन वर्षांची असताना, डाव्या पायाला पोलिओ झाला. त्यामुळे आमच्या घरातला कुठला उंबरा चार बोटं उंच आणि कुठला सहा, हे मला आजही बघितल्याशिवाय सांगता येतं.

अपंगांच्या साधनांचा इतिहास लिहिणारे संस्थांचा, कारखान्यांचा आणि कायद्यांचा इतिहास लिहितात. तो हवाच, मीही तो सांगणार आहे. पण साधन उंबऱ्याच्या आत आल्यावर त्याचं काय झालं, हे सहसा लिहिलं जात नाही. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर आसपासच्या गावांतून अपंगांच्या घरी जात राहिले, आणि माझं मत पक्कं झालं. साधन जसं माणसाला बसावं लागतं तसं ते घरालाही बसावं लागतं. ज्याचं माप घरात बसून घेतलं गेलं तेच साधन टिकलं. बाकीची गोठ्यात गेली.

सरकारी साधन गावात येण्याआधी काय होतं? माणसं होती, दोर होता आणि सुतार होता. पाय गेलेल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर बाजल्यावर निजवून चौघांनी उचलायचं. अंथरुणातून उठायला आढ्याला सुंभाचा दोर बांधलेला असायचा. तो धरून माणूस उठून बसायचा. आंधळ्या माणसासाठी सोप्यापासून परसापर्यंत भिंतीच्या खुंट्यांना दोरी ओढलेली मी पाहिली आहे. तिच्या आधारानं तो माणूस रात्री-अपरात्री कुणाला न उठवता मागं जाऊन यायचा. यांतल्या कशालाच कुणी उपकरण म्हटलं नाही, पण त्या दोरीनं त्या माणसाची लाज राखली होती.

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी मला आधी पांगुळगाडा करून दिला. तो वर्षभराच्या पोराला असतो तसाच, पण मापानं मोठा, पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीचा. पुढं कुबड्या आल्या. कुबडी कशी करतात ते मी त्यांच्या पडवीत बसून पाहिलं आहे. सागाची सरळ, गाठ नसलेली काठी घ्यायची. वरच्या टोकापासून निम्म्याहून थोडी खाली उभी चिरायची. चीर जिथं संपते तिथं लोखंडी कडं ठोकायचं, म्हणजे लाकूड पुढं फाटत नाही. मग दोन्ही फाका हळूहळू उघडायच्या, मधे मुठीचा आडवा दांडा बसवायचा आणि वर काखेची आडवी पट्टी. पट्टीवर जुन्या धोतराच्या घड्या, त्यावर चामडं. खाली टोकाला टायरचा तुकडा, नाहीतर शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर काठी सटकते.

माप घ्यायला त्यांच्याकडं सुतळी होती. पहिल्या कुबड्या त्यांनी काखेपर्यंत बरोबर मापाच्या केल्या. चार दिवसांत माझ्या हातांना मुंग्या यायला लागल्या, बोटं बधिर झाली. आईनं सांगितल्यावर काका घरी आले, मला सोप्यातून परसापर्यंत चालायला लावलं आणि बघत राहिले. मग म्हणाले, “पोरगी काखेवर लोंबकळालीय. भार हातावर आला पाहिजे.” त्यांनी कुबडी तीन बोटं खाली घेतली, मुठीचा दांडा मनगटाच्या उंचीला आणला, आणि बोटांची बधिरता गेली. पुढं कितीतरी वर्षांनी डॉक्टरांकडून कळलं की काखेत दाब पडला की हाताची नस दबते आणि हात लुळा पडू शकतो. काकांना नसेचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी चालणारं माणूस घरात चालताना पाहिलं, एवढंच. साधन देणाऱ्यानं काय करावं, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

बाहेरच्या जगातली साधनं आमच्या भागात आली ती पलटणीच्या वाटेनं. बेळगाव हे मराठा पलटणीचं जुनं ठाणं आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या भरतीला जाणारी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथं शरणागती झाली. त्या युद्धातून हात-पाय गमावून परतलेल्या शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट उघडलं. पुढं ते पुण्याजवळ खडकीला गेलं. तिथं शिपायांना पोटापाण्याचे धंदे शिकवले जात. अपंग माणसाला पेन्शनीबरोबर कामही लागतं, हे त्या काळी ओळखणारं ते ठिकाण होतं. दुसरं महायुद्ध आलं. आमच्या गावच्या रानात १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं धावपट्टी केली, तीच आजचा सांबरा विमानतळ. आणि १९४४ साली पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. तिथं सैनिकांसाठी पाय बनू लागले, पुढं नागरिकांनाही मिळू लागले.

आमच्या शेजारी एक पेन्शनर आजोबा होते, त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. पुण्याहून त्यांना लाकडाचा, चामड्याच्या पट्ट्यांचा पाय मिळालेला. बाजाराला, पेन्शन आणायला, लग्नकार्याला ते तो पाय घालून, वर बूट चढवून जायचे आणि चालणं असं ताठ की नवख्याला कळू नये. घरी आले की पाय काढून खुंटीला टांगायचे आणि काकांच्या कुबडीवर वावरायचे. पायात बूट होता आणि बूट घालून घरात कोण येतो? शिवाय तो पाय घोट्यात वाकत नव्हता, म्हणून उकिडवं बसता येत नव्हतं. पाटावर जेवायला, परसात जायला, देवापुढं बसायला तो उपयोगाचा नव्हता. पाय उत्तम होता, पण खुर्ची-टेबलाच्या घरासाठी घडवलेला होता.

सैनिकांच्या या वाटेवर मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. सांगली जिल्ह्यातले, इस्लामपूरजवळच्या पेठचे. सैन्याच्या ई.एम.ई. या तांत्रिक विभागात होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं. देशाच्या सरकारला त्यांची आठवण व्हायला २०१८च्या पद्मश्रीपर्यंत वेळ लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. मेरुदंडाला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीला स्वतंत्र पॅराप्लेजिक केंद्र उभं राहिलं ते १९७४ साली.

नागरिकांच्या बाजूला मुंबई पुढं होती. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि त्यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था काढली. १९५५ साली हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था सुरू झाली. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला, तो म्हैसूर राज्यात गेला. आमच्या भागात या तारखेवर पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. अपंग माणसाच्या घरात ती तारीख अशी उतरली की सरकारी कागदाची वाट आता बेंगळुरूला जाऊ लागली आणि दवाखान्याची वाट मात्र मिरज, कोल्हापूर, पुणे, मुंबईकडंच राहिली. बेळगावहून मुंबई काय आणि बेंगळुरू काय, पाचशे किलोमीटरच्या घरातलं अंतर. ते काही बदललं नाही. अर्ज एका भाषेत आणि डॉक्टरांचे कागद दुसऱ्या भाषेत, हा घोळ मात्र नवा झाला. मला कन्नड लिहिता-वाचता येत असल्यानं गावातल्या कितीतरी घरांचे अर्ज माझ्या हातून गेले. अपंगाच्या अर्जाचा नमुना दोन्ही भाषांत छापायला कुणाचं काही जात नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

माझी वाट मिरजेची. आमच्या भागातल्या लोकांना मिरज म्हणजे दवाखान्याचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं मिशन दवाखाना उभा केला, तेव्हापासूनची ही सवय. सांबरे स्टेशनवर पॅसेंजर धरायची, घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरज गाठायचं. १९७०च्या सुमाराला तिथं माझ्या पायाचं माप घेऊन कॅलिपर झालं. पायाच्या दोन्ही बाजूंनी पोलादी सळ्या, मांडीला चामड्याचं कडं, गुडघ्यावर चामड्याची चौकोनी पट्टी, खाली जाडजूड बूट आणि सळ्यांची टोकं त्या बुटाच्या टाचेतल्या भोकांत अडकवलेली. गुडघ्याजवळ दोन कडी. उभं राहिल्यावर ती खाली पडली की गुडघा ताठ राहतो. बसताना दोन्ही हातांनी वर ओढायची, मग पाय वाकतो. शाळेत बाकावर बसताना त्यांचा खट् असा आवाज व्हायचा आणि सगळा वर्ग वळून बघायचा.

कॅलिपरनं मला शाळा दिली, हे पहिल्यांदा सांगते. त्याच्यामुळे मी मुतग्याच्या रस्त्यानं चालत गेले, बस चढले, पुढं शिकले, नोकरीला लागले. पण घरात काय झालं? कॅलिपर बुटाला जोडलेलं, बूट काढला की कॅलिपर गेलं. आमची आजी कडक. चामड्याचा बूट सोप्याच्या आत येणार नाही, देवघर आणि चूल तर लांबच. त्यात तिचा दोष काय? तिच्या सगळ्या जन्माची रीत ती. मग मी दारात कट्ट्यावर बसून पट्ट्या सोडायची आणि आत बसून सरकत जायची. बाहेर चालणारी मुलगी घरात जमिनीवर सरकते, हे माझ्या पिढीतल्या पोलिओच्या कितीतरी मुलींच्या घरी घडलं आहे. माप घेणाऱ्यानं पायाचं माप चोख घेतलं. ‘घरात चपला घालता का?’ एवढं एक वाक्य विचारलं असतं तर वेगळा जोड करता आला असता. पुढं प्लॅस्टिकची कॅलिपरं आली. त्यांत पाऊल आतच बसतं, वरून चप्पल घाला किंवा घालू नका. ती आली तेव्हा माझं बाळंतपणही होऊन गेलं होतं.

कॅलिपर मोडायचं. मूल वाढतं, सळ्या वाढत नाहीत. चामडं घामानं कुजतं. दर वेळी मिरज परवडणार कशी? तेव्हा आधाराला आले ते चपला करणारे लोक. निपाणी, अथणी, कोल्हापूर हा सगळा पट्टा कोल्हापुरी चपलेचा. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या बेळगावसह चार जिल्ह्यांना मिळून. नकाशावरची रेघ चामड्याला लागू होत नाही, एवढं तरी त्या कागदानं मान्य केलं. या कारागिरांना चामडं कमावणं, वादी वळणं, शिवण घालणं पिढीजात ठाऊक. माझ्या मांडीचं कडं फाटलं की वडील ते घेऊन निपाणीच्या एका कारागिराकडं जायचे. आम्ही त्यांना मामाच म्हणायचो. मामा नवं चामडं घालायचे आणि आतल्या बाजूनं मऊ अस्तर लावायचे, कारण मूळच्या शिवणीनं मला ओरखडे पडतात हे त्यांनी विचारून घेतलं होतं. मिरजेचा पोलादी सांगाडा आणि निपाणीचं चामडं, असं ते कॅलिपर मी वर्षानुवर्षं वापरलं.

कुष्ठरोग्यांच्या पायांनाही चांभारकामानंच वाचवलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बधिर पावलाला होणाऱ्या जखमा रोगानं सडून होत नाहीत, चालताना पडणाऱ्या दाबानं होतात, कारण दुखणं कळतच नाही. म्हणून आत मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा थर असलेली चप्पल हा त्यावरचा उपाय. आमच्या भागात अशा चपला घातलेली माणसं मी पाहिली आहेत. काहींना त्या चपलेमुळेच गावात ओळखलं आणि टाळलं जायचं. म्हणून चांगली चप्पल मिळूनही ती घरात ठेवून अनवाणी बाजाराला जाणारी बाई मला माहीत आहे. साधन दिसतं कसं, हाही त्याच्या मापाचाच भाग आहे.

जयपूर फूट आलं ते १९६८ साली, जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी या दोघांच्या हातून. शर्मांचं शाळेचं शिक्षण थोडं, पण हातात कला होती. रबराचं पाऊल, आत लाकूड आणि स्पंज, वरून कातडीच्या रंगाचं. त्या पावलावर उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, चिखलात अनवाणी चालता येतं, झाडावर चढता येतं. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ साली डी. आर. मेहतांनी जयपूरला संस्था काढली आणि पुढं गावोगाव शिबिरं भरू लागली. आमच्या शेजारच्या आजोबांना पेन्शनीच्या शेवटच्या वर्षांत असं पाऊल मिळालं. पाटावर मांडी घालून जेवले आणि सुनेला म्हणाले, “आता वाढ की.” खुंटीवरचा जुना पाय त्यांनी टाकून दिला नाही, बाजारासाठी राखला.

सरकारही हललं. कानपूरला कृत्रिम अवयव बनवणारी केंद्र सरकारची कंपनी १९७२ साली स्थापन झाली आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. १९८१ साली अपंगांना साधनांसाठी मदत देणारी केंद्राची योजना आली. हातानं फिरवायची तीनचाकी सायकल, चाकाची खुर्ची, कुबड्या, कानयंत्रं गावापर्यंत येऊ लागली. तीनचाकी टिकली, कारण ती सायकलच होती. चेन तुटली, पंक्चर झालं, तर गावातला सायकलवाला पाच मिनिटांत करून द्यायचा. आमच्या भागातल्या एका गृहस्थांनी तिच्यावर पानाचं दुकान चालवलं आणि दोन पोरं शिकवली. पुढं स्कूटरला बाजूला दोन चाकं लावून देणारी कर्नाटक सरकारची योजना आली. तीही टिकली. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि वेल्डिंगवाल्यांना तोटा नाही, मोडलेला ॲक्सल ते दुपारपर्यंत जोडून देतात.

चाकाची खुर्ची मात्र टिकली नाही. शिबिर तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी. मंडप, भाषणं, हार, फोटो. माणसाला खुर्चीत बसवून फोटो काढायचा आणि टेम्पोत घालून घरी पाठवायचं. घरी आल्यावर कळायचं की पायऱ्या तीन, दार अरुंद, उंबरा सहा बोटं, गल्लीत दगड आणि पुढच्या चिमुकल्या चाकांना चिखलात गती नाही. मी एका घरी गेले तेव्हा खुर्ची गोठ्यात होती आणि तिच्यावर पेंडीचं पोतं. घरच्यांना बोल लावणं सोपं, पण त्यांनी ती दुसरीकडं कुठं ठेवायची होती?

उलट गरिबांनी स्वतः केलेली साधनं घरात चालत होती. उद्यमबागेतल्या भंगारातून बेअरिंग आणायची, फळीला खाली चार ठोकायची. पोरं ज्यावर खेळतात तीच गाडी, पण बसून सरकणाऱ्या बाईसाठी तिच्या मापाची. बसून सरकणाऱ्या बाईला जुनं स्वयंपाकघर सोयीचं होतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, परात जमिनीवर. मी लग्नानंतर पहिली काही वर्षं सगळा स्वयंपाक बसून केला, कुणाची मदत लागली नाही. मग घरात गॅस आला, कडाप्प्याचा ओटा आला, सगळ्या घराला आनंद झाला आणि मी माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर पडले. उभं राहून एका हातानं कुबडी धरायची आणि दुसऱ्या हातानं भाकरी थापायची, हे होत नाही. शेवटी गवंड्याला सांगून ओट्याचा एक भाग दोन फूट उंचीचा करून घेतला. शेगडी तिथं आली आणि स्वयंपाक पुन्हा माझ्या हाती आला. सुधारणा घरात येते तेव्हा ती कुणाला बाहेर काढते, हेही पाहावं लागतं.

घरही माणसाच्या मापाचं हवं, हे आधी ओळखलं ते कोल्हापुरानं. नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी कमरेखाली अधू झाल्या. बाबूकाका दिवाण यांच्या भेटीनं त्यांना उभारी मिळाली. १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. उचगावला संस्थेचं ‘घरौंदा’ हे वसतिगृह आहे. त्यांचं आत्मचरित्र ‘चाकाची खुर्ची’ मी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत बसून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला दिलं. घरौंद्यात मला सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर पायऱ्यांच्या जागी उतरंड. मूल खुर्ची स्वतः ढकलत वर्गात, जेवायला, न्हाणीत जातं, कुणाला हाक मारावी लागत नाही. इमारत बांधतानाच हा विचार केला की पुढं वेगळा खर्च लागत नाही. आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हे उभं होतं. आमच्या भागात कुणी सरकारी इमारत बांधताना ते पाहून आलं असतं तर किती पायऱ्या वाचल्या असत्या.

कायदे त्यामानानं उशिरा आले. पहिला १९९५चा, दुसरा २०१६चा. दुसऱ्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. मधल्या काळात पोलिओच गेला. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला, देशातली शेवटची रुग्ण जानेवारी २०११ मधली हावड्याची मुलगी, आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला पोलिओमुक्त ठरवलं. माझ्यासारखी पायानं अधू झालेली पिढी आमच्याबरोबर संपेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण अधू होण्याची कारणं बदलली, संपली नाहीत. आता अपघात, अर्धांगवायू, साखरेच्या आजारानं कापावे लागलेले पाय.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूचा एक तरुण गवंडी बेळगावात इमारतीच्या परांचीवरून पडला. कमरेखाली सगळं गेलं. शिबिरात खुर्ची मिळाली, पण घराबाहेर पडता येईना. एका खाटेवर पडून पडून माकडहाडाशी जखमा झाल्या. मी टेप घेऊन गेले. जोतं अठरा इंच. चाकाच्या खुर्चीची उतरंड एकास बारा असावी लागते, म्हणजे अठरा इंचांना अठरा फूट. दारासमोरची गल्ली जेमतेम दहा फूट. सरळ उतरंड बसणारच नव्हती. तेव्हा कट्टा तोडून भिंतीला लागून आडवी नेली आणि कोपऱ्यावर सपाट जागा ठेवून वळवली. काम त्याच्याच जोडीदार गवंड्यांनी रविवारी केलं, मजुरी घेतली नाही. खाट विटांवर चढवून खुर्चीच्या बैठकीइतकी उंच केली. सुतारकाकांच्या नातवानं शिसवी, गुळगुळीत फळी करून दिली. तिच्यावरून तो खाटेवरून खुर्चीत घसरत येतो.

संडास सगळ्यांत अवघड निघाला. स्वच्छ भारतच्या काळात गावोगाव संडास झाले, ते चांगलंच झालं. बायकांची आणि म्हाताऱ्यांची त्यानं सोय झाली. पण दार दोन फुटांचं, आत जाताना दोन पायऱ्या, भांडं उकिडवं बसायचं. खुर्चीची रुंदी साधारण सव्वीस इंच. ती आत जाणार कशी? चौकट काढली, दाराऐवजी पडदा लावला, पायऱ्या बुजवल्या आणि उद्यमबागेतल्या एकानं पाइपची कमोड खुर्ची वेल्ड करून दिली, भांड्यावर बरोबर बसणारी. भिंतीला हाताची दांडी लावली, तो सांगेल त्या उंचीवर. पडदा लावताना त्याची आई म्हणाली, “आता ह्याला मी उचलायची नाही, होय?” ती पासष्टीच्या पुढची बाई. वर्षभर तिनं उचललं होतं. आज तो घराच्या कट्ट्याजवळ मोबाइल दुरुस्तीचं टेबल घेऊन बसतो.

या कामाला पैसा लागतो आणि कर्नाटकात त्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या निधीतले पाच टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. पंचायतीत गाव पातळीवरचा पुनर्वसन कार्यकर्ताही नेमलेला असतो, बहुतेक ठिकाणी तो स्वतः अपंग असतो. हा पैसा वर्षाच्या शेवटी घाईघाईनं सगळ्यांना एकसारखी वस्तू वाटून संपवला जाताना मी पाहिलं आहे, कुठल्या पंचायतीत ते इथं लिहीत नाही. कुणाला खुर्ची नको असते, दाराची चौकट रुंद हवी असते. कुणाला उतरंड, कुणाला नुसत्या दोन दांड्या.

म्हणून वाचकांना माझं सांगणं आहे, मग तुम्ही सांबऱ्याचे असा, बाळेकुंद्रीचे, निपाणीचे की कोल्हापूरकडचे. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा हा पाच टक्क्यांचा हिशेब मागा. मागण्याआधी आपल्या गल्लीतल्या अपंगाच्या घरी टेप घेऊन जा. जोत्याची उंची, दाराची रुंदी, खाटेची उंची आणि संडासाचं माप कागदावर लिहा. त्या माणसाला विचारा, दिवसभरात कुणाला हाक मारावी लागते आणि कशासाठी. ते उत्तर त्याच कागदावर त्याच्याच शब्दांत लिहा, सही घ्या, आणि पंचायतीत देऊन पोच घ्या.